एका नळीने पिणारी मंडळी आणि मी

मी एक थर्मास आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. गळका मात्र म्हणू नका. माझ्या पोटाला पोचा आला आहे आणि झाकणाचा रंग उडाला आहे, पण दुपारी भरलेले पाणी मी संध्याकाळपर्यंत गरम ठेवतो.

मित्रांनो, माझा जन्म उरुग्वेच्या राजधानीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा भावंडांच्या पोटात कढत पाणी ओतून आम्हाला रांगेत उभे केले. जे बाहेरून तापले ते नापास झाले. मी थंड डोक्याचा, म्हणून पास झालो. पुढे नेमेसिओ आजोबा नदीवरच्या बोटींची इंजिने दुरुस्त करण्याच्या कामातून निवृत्त झाले, तेव्हा सोबत्यांनी त्यांना मला भेट दिले. तेव्हापासून त्यांची डावी काख हेच माझे घर. बाजारात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा मी काखेत असे. डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा. आजोबांनी तोंड उघडले, काख काही उघडली नाही.

माझे काम एकच, 'माते' नावाच्या पेयासाठी पाणी देणे. एका वाळलेल्या, पोकळ भोपळ्यात हिरव्या पानांचा चुरा भरायचा, त्यात धातूची नळी खोचायची आणि माझ्यातले पाणी ओतून तो कडू रस ओढायचा. पाणी मी द्यायचो आणि कौतुक मात्र भोपळ्याचे व्हायचे. "काय मुरलाय भोपळा!" असे लोक म्हणत. काय मुरलाय थर्मास, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

म्हातारपणी आजोबा नदीकाठच्या वृद्धाश्रमात राहायला आले आणि मी त्यांच्या काखेतून आलो. तिथे रोज दुपारच्या झोपेनंतर अंगणातल्या द्राक्षवेलीखाली खुर्च्यांचे कोंडाळे बसे. भोपळा एक, नळी एक आणि पिणारे सगळे. आजोबा भरून देत, एकजण पिऊन परत करी, मग पुढच्याची पाळी. नळी पुसून प्यायले तर तो शेजाऱ्याचा अपमान समजत. कासिआनो आजोबांना मात्र कोंडाळ्यात जागा नव्हती. ते मातेत साखर घालत आणि साखरेने भोपळा बिघडतो. म्हणून ते आपला वेगळा भोपळा घेऊन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी एकटेच बसत. नेमेसिओ आजोबा इथून ओरडत, "कासिआनो, केक पाठवू का सोबत?"

अशात एके दिवशी आश्रमात पोटाची साथ शिरली. आधी एका आजोबांना उलट्या आणि जुलाब झाले, मग दोघांना, मग एलिदा आजींना. सगळ्यांनी खापर फोडले स्वयंपाकीणबाई रामोनांच्या भोपळ्याच्या रश्शावर. रामोनाबाई इतक्या चिडल्या, की त्यांनी सगळ्यांसमोर उरलेला पातेलाभर रस्सा एकटीने संपवला आणि त्या ठणठणीत राहिल्या.

परिचारिका सुल्माताईंनी पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या. आजाऱ्यांना आपापल्या खोलीत ठेवले आणि त्यांचे संडास वेगळे केले. घाणीचे कपडे हातमोजे घालून, न झटकता वेगळे धुवायला दिले. कड्या, नळ, कठडे सगळे क्लोरीनच्या पाण्याने पुसून काढले. हाताला चोळायच्या जेलवर या साथीत विसंबायचे नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली नखांपर्यंत हात धुवायचे, असे त्यांनी बजावले. आणि फाटकावर पाटी लावली, की शेवटचा आजारी बरा होऊन दोन दिवस उलटेपर्यंत पाहुण्यांना बंदी.

ती पाटी वाचून एलिदा आजींचा चेहरा उतरला. त्यांची धाकटी बहीण निदिया नदीपलीकडे, अर्जेंटिनात राहायची. गुडघ्यांनी अधू झालेली. कित्येक वर्षांनी तिचा मुलगा तिला बोटीने घेऊन येणार होता, येत्या रविवारी. तो लगेच दक्षिणेत नोकरीला जाणार होता, म्हणजे नंतर तिला आणणारे कोणीच नव्हते. एलिदा आजी बऱ्या झाल्या त्या याच एका काळजीने.

पण साथ हटेना. रोज कोणीतरी नवे पडे. आणि मित्रांनो, मी रोज काय बघत होतो? सुल्माताई शेवटचा नळ पुसून अंगणात येत, खुर्चीत धपकन बसत आणि म्हणत, "दमले बाई. द्या एक." मग सगळ्यांच्या तोंडातून फिरून आलेली नळी त्या निवांत ओढत. आमच्या देशात माते म्हणजे भांडे नव्हे, ती माणुसकी. ती धुवायची असते, हे कोणाच्या डोक्यात येणार? मी बोलू शकलो असतो, पण माझे तोंड बुचाने बंद.

मंगळवारी सुल्माताईच आडव्या झाल्या. आपल्याच नियमाप्रमाणे त्या घरी बसल्या आणि तिथून फोनवर आश्रम चालवू लागल्या. मध्येच फोन ठेवून पळत आणि परत लावत. अशाच एका फोनवर त्यांनी विचारले, की या साथीत एकदाही आजारी न पडलेले कोण कोण आहे.

"मी आणि कासिआनो," रामोनाबाई म्हणाल्या. "मला मेलीला बसायला वेळ नाही आणि त्याला कोणी बसू देत नाही."

 मग सुल्माताई म्हणाल्या, "रामोना, तो भोपळा उचल आधी."

पण भोपळा उचलणे सोपे नव्हते. नेमेसिओ आजोबांनी तो छातीशी धरला. एवढ्या गरम पाण्यात जंतू जगतीलच कसे, असा त्यांचा सवाल होता.

"गरम, उकळतं नाही," एलिदा आजी म्हणाल्या. "पाण्याला जरा उकळी आली, की पानं जळाली म्हणून तूच रामोनावर ओरडतोस ना? आणि पाण्याचं राहू दे, नळीला लागलेल्या हातांचं काय?"

 आजोबांनी हट्टाने भोपळा भरला आणि पहिला आजींच्याच हातात दिला. आमच्याकडे माते घेताना कोणी आभार मानत नाही. आभार मानले, की मला आता नको, असा त्याचा अर्थ.

एलिदा आजींनी भोपळा दोन्ही हातांनी घेतला, तसाच परत केला आणि म्हणाल्या, "आभारी आहे, नेमेसिओ."

आजोबांनी तो पुढच्याला दिला. तोही म्हणाला, आभारी आहे. त्याच्या पुढचाही. पूर्ण कोंडाळे फिरून भरलेला भोपळा आजोबांकडे परत आला. खुराड्यापाशी कासिआनो आजोबांनी ओढलेला घुटका तेवढा ऐकू आला.

भोपळा आतून सच्छिद्र, घासून साफ होत नाही. आजोबांनी तो द्राक्षवेलीखाली पुरला आणि टोपी काढून उभे राहिले. जन्मभर मी त्याचा हेवा केला, पण त्या दिवशी माझेही पाणी वेळेआधी निवले. मग प्रत्येकाला वेगळा कप मिळाला. नळ्या कमी पडल्या, तेव्हा कासिआनो आजोबांनी आपल्या जास्तीच्या नळ्या उकळून आणल्या आणि म्हणाले, "घ्या. थोड्या गोड लागतील." माझ्या मुठीला आणि झाकणाला क्लोरीनचे पाणी मिळाले. ओतायचे काम रामोनाबाईंच्या धुतलेल्या हातांकडे गेले. नेमेसिओ आजोबा शेजारी उभे राहून त्यांच्या चुका काढत.

त्यानंतर नवे कोणी आजारी पडले नाही. रविवारी दुपारी पाटी उतरली आणि निदिया आजी काठी टेकत आत आल्या. हात धुऊन होताच त्यांनी पिशवीतून आपला भोपळा काढला, भरला, एक घुटका घेतला आणि बहिणीपुढे धरला. सगळे अंगण श्वास रोखून बघत होते. एलिदा आजींनी हात मागे घेतला.

"इतक्या वर्षांनी आले आणि माझी नळी तुला चालत नाही?"

"तुझी मला चालते गं," एलिदा आजी म्हणाल्या. "माझी तुला चालायची नाही. आत्ता आत्तापर्यंत बादली धरून बसले होते. तुला काही झालं, तर तुझ्या घरी तुझी बादली कोण धरणार?"

 निदिया आजींनी खुर्ची ओढून बहिणीच्या खुर्चीला चिकटवली. रामोनाबाईंनी मला उचलले आणि दोन कप भरले. संध्याकाळच्या बोटीची वेळ होईपर्यंत मी पाच वेळा रिकामा झालो.

मित्रांनो, प्रेम करा, गप्पा मारा, एका ताटात जेवल्यासारखे जवळ बसा. पण संडासातून आल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात धुवा. पोट बिघडले असेल, तर आपली नळी आपल्यापाशी ठेवा. आणि हो, घरातल्या थर्मासचे झाकण आज कोणी धुतले आहे का, ते जरा उठून बघा.