आर्गिरो माझ्यासाठी बोलली

मित्रांनो, खेचराचे वय दातांवरून ओळखतात. माझे निम्मे दात आता गळून गेले आहेत, तेव्हा मी किती जुना आहे ते तुम्हीच ठरवा.

आमच्या ग्रीक बेटावर मोटारींना बंदी आहे. बोटीतून उतरलेले सिमेंट, गॅसच्या टाक्या, पाहुण्यांच्या पेट्या, सारे आमच्याच पाठीवरून पायऱ्या चढत हॉटेलांत पोचते. तरुणपणी सगळ्यात उभी चढण मी एका दमात चढायचो, आणि मालक मांथोस चारचौघांत माझी पाठ थोपटायचे.

पुढे हॉटेले वाढली, तशा फेऱ्या वाढल्या. खोगिराखाली माझी पाठ सोलवटली आणि जखम चिघळली. मला हाकणारी आर्गिरो ती रोज मिठाच्या पाण्याने धुवायची. नवऱ्यामागे दोन लेकरांना वाढवणारी ही बाई मांथोसच्या कंपनीत पगारी नोकर होती. ओझे कमी करा म्हणून तिने त्यांना कितीदा विनवले. हंगाम संपू दे, एवढेच ते म्हणत.

अखेर तिने माझ्या पाठीचा फोटो फेसबुकवर टाकला. खालचा मजकूर आमच्यातल्याच एका म्हाताऱ्या हाकणाऱ्याने, पांतेलिसने, तबेल्यात मोठ्याने वाचला: "या मुक्या जिवाच्या पाठीवर आमची कंपनी चालते. याला रोज मीच हाकते, म्हणून लाज मलाही वाटते."

दुसऱ्या दिवशी मांथोस आले. "माझं खातेस आणि माझीच अब्रू वेशीवर टांगतेस? घरातलं घरात बोलायचं असतं, पोरी."

"घरातच बोलत होते, काका. तुम्ही ऐकलंत का?"

"ते काढून टाक. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिचा हात माझ्या मानेवर होता.

"त्यातलं काय खोटं आहे ते दाखवा, आत्ता पुसते."

मांथोसनी माझ्या पाठीकडे पाहिलेसुद्धा नाही. बाकीचे हाकणारे खाली मान घालून उभे राहिले. ती एकटीच उतार उतरून गेली. मी जन्मभर मोठमोठी ओझी वाहिली, पण त्या किरकोळ अंगाच्या बाईने तेव्हा जे पेलले, ते पाहून मी थक्क झालो.

कामावरून काढले म्हणून आर्गिरोने दावा लावला आणि प्रकरण कोर्टात गेले. तिथे पांतेलिस उभा राहिला. मालकापुढे कधी वर न पाहिलेला तो माणूस मालकाच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "तिनं लिहिलं ते खरं आहे. मीही बघत होतो. गप्प होतो." न्यायाधीशबाईंनी सांगितले की पगार देणारा माणसाचे काम विकत घेतो, त्याची जीभ नाही. तिला काढणे बेकायदा ठरले, आणि एवढा बोभाटा झाल्यावर मांथोसनी आमचे ओझेही निम्म्यावर आणले.

आर्गिरो मात्र परतली नाही. मांथोस स्वतः बोलवायला गेले होते, पण तोवर ती बंदरावरच्या बेकरीत लागली होती, कमी पगारावर. रविवारी ती वर येते. जखम भरली तिथे माझे केस पांढरे उगवले आहेत, त्यांवरून हात फिरवते.

मित्रांनो, मुक्या जिवांना जपा. आणि त्यांच्यासाठी बोलणारे कोणी भेटले, तर त्या माणसाला एकट्याने उतार उतरू देऊ नका.