मामांच्या मनगटाचा आकडा

आकडेबाईची बॅटरी बाराव्या चार्जिंगलाच मान टाकायची. रोज! खरी बॅटरी नव्हे हो, कॉम्प्युटरमधली. खरी तर तळमजल्यावर मामांच्या कपाटात ठणठणीत होती, दोनशे वेळा चार्ज होऊनही.

आकडेबाई हे तिचं ऑफिसातलं टोपणनाव. जिच्यात पातळ द्रव नसतोच, सगळं घनच असतं, अशा बॅटरीच्या आत काय होणार ते गणितानं आधीच सांगायचं, हे तिचं काम. लिथियमचा मऊ पत्रा आणि त्यावर कपबशीसारखी कडक चकती. बॅटरी वापरताना पत्रा झिजतो, दोघांमध्ये पोकळ्या पडतात, संबंध तुटले की खेळ खलास.

"आज चारपर्यंत गणित खऱ्या बॅटरीशी जुळव," गटप्रमुख मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "नाहीतर सोमवारपासून कॉम्प्युटर दुसऱ्या गटाला."

सहा महिन्यांचं काम! आकडे पुन्हा पुन्हा तपासताना आईनं दिलेला डबा तसाच राहिला. दीड वाजता बंद डबा घेऊन ती पहिल्यांदाच जिना उतरून खाली आली.

मामा, म्हणजे अख्ख्या ऑफिसचे मामा, बॅटरी बांधत होते. "या! आज स्वर्गातून खाली कशा?"

"स्वर्ग कसला मामा, माझं गणित तोंडावर पडलंय."

"मला गणित येत नाही, म्हणूनच माझी चालतेय!"

त्यांनी चकत्या पोलादी साच्यात बसवल्या आणि दातओठ खाऊन चार बोल्ट आवळले.

"मामा, किती आवळता?"

"मनगट पुरे म्हणेपर्यंत."

"पण आकडा?"

"मनगटाला कुठले आकडे? म्हणून तर तुम्हाला पाठवतो त्या तक्त्यात दाबाचा रकाना कोरा सोडला."

कोरा! तिनं कपाळावर हात मारला. कोरा रकाना कॉम्प्युटरनं शून्य धरला होता. सहा महिने तिची बॅटरी नुसती पत्र्यावर चकती ठेवून चालली होती! पोकळ्या पडतील नाहीतर काय? दाब असता तर मऊ लिथियम चेपून त्यांच्यात शिरलं असतं.

मामांनी किती जोर लागला ते दाखवणारा, काटा असलेला पाना शोधला. पाच साचे आवळले. पाचही वेळा काटा जवळपास एकाच जागी!

"मनगट आहे की तराजू?" ती ओरडलीच.

तिथल्याच कॉम्प्युटरवर त्यावरून काढलेला दाबाचा आकडा घालून तिनं गणित सुरू केलं. बारा गेले. पन्नास गेले. दोनशे! आलेखावर तिची रेघ मामांच्या बॅटरीच्या रेघेवर अलगद जाऊन बसली.

चार वाजता खाली आलेल्या मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ओढूनताणून तर जुळवलं नाहीस ना?"

"मागे एक साचा सैल राहिला होता," मामा मध्येच म्हणाले, "त्यातली बॅटरी कितव्या चार्जिंगला मेली ते मी सांगणार नाही. आधी हिला सांगू दे."

त्याचे बोल्ट पान्यानं मोजले, आकडा घातला. गणित म्हणालं, अडतीस.

"एक्केचाळीस!" मामांनी टाळी वाजवली.

"कॉम्प्युटर हलणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

आकडेबाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. आता तिला कडकडीत भूक लागली. तिनं डबा काढला. झाकण काही केल्या फिरेना.

"कुणी आवळलंय एवढं?" मामांनी विचारलं.

"आईनं."

"मग द्या इकडे," मामा पुढे सरसावले, "पण आधी काट्यानं मोजू!"