डॉजची तीन तोंडं

माझ्या नवऱ्याला, अनिमेषला, एखादी चालणारी वस्तू दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. मिक्सर चालत होता, तो उघडला. मग कित्येक दिवस आम्ही चटणी माझ्या आईकडून, डोंबिवलीहून, डब्यात आणत होतो. गीझर चालत होता, तो उघडला. घरात उघडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा साहेबांची नजर खाली पार्किंगमध्ये गेली. तिथे भाऊंची डॉज उभी होती, आणि दुर्दैवाने तीही चालत होती.

भाऊ म्हणजे माझे सासरे. डॉज त्यांच्या वडिलांनी घेतलेली. लांबलचक नाक, सहा सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर हवेत पेट्रोल मिसळणारा एकच कार्ब्युरेटर. गाडीचं आयुष्य कल्याणला पारनाक्याच्या घरासमोर गेलं. आम्ही कोलशेतला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा भाऊंबरोबर तीही आली. तिचं सगळं भाऊ स्वतः बघायचे. मग काचबिंदू झाला. एक डोळा गेला, दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. किल्ली अनिमेषकडे आली आणि गाडीला साडेसाती लागली.

इकडे आल्यापासून दर दसऱ्याला भाऊ याच गाडीतून कल्याणला जायचे, थोरल्या बहिणीला सोनं द्यायला. गोदूआत्यांची पाठवणीसुद्धा या गाडीतून झालेली. डोळ्यांच्या भानगडीत मधले दसरे चुकले. यंदा आत्यांचा फोन आला. "भाऊ, मी अंथरुणाला लागलेय. पुढचा दसरा काही मला दिसत नाही. गाडी घेऊन ये. खिडकीतून मला तिचा आवाज ऐकू दे."

भाऊ "हो" म्हणाले. मग अनिमेषला बोलावून सांगितलं, "तेल बघ, बॅटरी बघ. बाकी काही करू नकोस."

आता "काही करू नकोस" हे मराठी या माणसाला कधी कळलंय?

त्याने यूट्यूबवर टेक्सासचा कुणी दाढीवाला बघितला होता. तो म्हणे हॉट रॉड बनवतो. हॉट रॉड म्हणजे काय, तर जुनी गाडी घ्यायची, तिचे कपडे उतरवायचे आणि इंजिन गावाला दाखवायचं. झालं! डॉजचं बॉनेट उतरलं. एका कार्ब्युरेटरच्या जागी तीन यायला हवेत असं ठरलं. तेही नवे नाहीत, त्या काळचेच हवेत! अमेरिकेतून खोकं आलं. त्यात तीन जुनाट, काळपट ठोकळे. ते घासूनपुसून त्याने प्रत्येकाच्या तोंडावर पितळी कर्णे बसवले. लग्नाच्या बँडमधली मंडळी दिसावीत तसे ते तिघं इंजिनावर उभे राहिले.

तीन कार्ब्युरेटर बसवायचे तर त्यांच्याखालचा मॅनिफोल्ड वेगळा लागतो, म्हणजे पेट्रोल-हवा सिलिंडरपर्यंत नेणारा नळ. तो त्याने ओतून घेतला. भोकं जुळेनात. मग साहेब कानस घेऊन बाल्कनीत. माझ्या तुळशीत ॲल्युमिनियमचा भुगा! बसवल्यावर पेट्रोल गळायला लागलं. लिफ्टमध्ये वास, जिन्यात वास. सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकरकाका येऊन म्हणाले, "अनिमेष, एखाद्या दिवशी आपण सगळेच उडू रे." तर हा हसून म्हणतो, "काका, पॅशन आहे." पॅशन म्हणे. मी उपमा करपवला तर ती मात्र पॅशन नसते.

पुढे तिघांची वेळ जुळवायचं प्रकरण निघालं. तिन्ही झडपा एकदम उघडायला हव्यात, तिघांनी सारखीच हवा ओढायला हवी. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक स्वतःच्या कानात आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पार्किंगमध्ये सायकली घेऊन पोरं आली की "शूऽऽ!" रोज संध्याकाळी हा डॉक्टर नळी लावून उभा. स्वतःच्या बापाला छाती तपासायला याने कधी नेलं नाही. ते मी नेते.

भाऊ शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले असायचे. रोजचा एकच प्रश्न. "होईल ना रे दसऱ्यापर्यंत?"

"भाऊ, असा रोअर ऐकाल ना तुम्ही!"

"मला रोअर नको रे. मला कल्याण हवंय."

खोटं कशाला बोलू, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती सुरू झाली आणि चांगली सुरू झाली. भाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. मलाही वाटलं, जाऊ दे, सुटलो एकदाचे. खोक्यात तीन छोटे एअर फिल्टरही आले होते, कर्ण्यांच्या तोंडावर बसणाऱ्या जाळ्या, ते लावायचे तेवढे बाकी होते. मी विचारलं तर म्हणाला, "लावले की पितळ झाकलं जातं गं. फोटोत काही दिसतच नाही." त्याचा एक विंटेज गाड्यावाल्यांचा ग्रुप आहे. हा माणूस श्वाससुद्धा त्या ग्रुपसाठीच घेतो.

दसऱ्याला सकाळी भाऊ परीटघडीचा सदरा घालून खाली उतरले. खिशात आत्यांसाठी आपट्याची पानं. झेंडूचा हार झाला, चाकांखाली लिंबं झाली. पूजा नेहमी भाऊंच्याच हातची. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर हळद, अक्षता, फूल. भाऊंनी सवयीने हात पुढे केला, आणि तो हवेत चाचपडत राहिला.

"बॉनेट कुठंय रे?"

"बॉनेट नाहीये आता. थांबा, मी दाखवतो." अनिमेषने मोबाइल स्टँडवर लावला, फ्रेम नीट बघून घेतली आणि भाऊंचं मनगट धरलं. "हं, इथे. हा पहिला. सोडा अक्षता. अजून थोड्या, दिसत नाहीयेत."

भाऊंची बोटं पितळेवर फिरली. "जाळी आहे ना रे याला?"

"हो हो. आता दुसरा. हा तिसरा."

मी निरांजनाचं ताट घेऊन बाजूलाच उभी. म्हटलं, "अरे, आत चाललेत ते तांदूळ!"

"हेमांगी, तू आधी फ्रेममधून बाजूला हो."

झाले बाजूला. साहेबांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं आणि गाडीतून उतरून पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले. एक हात कमरेवर. दुसऱ्या हाताने तिन्ही झडपा उघडणारी दांडी ओढली. काय तो आवाज! वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. त्याने ऐटीत दांडी सोडली, पण आवाज काही खाली येईना. अक्षता झडपांच्या कडेला अडकून बसल्या होत्या, झडपा मिटायलाच तयार नव्हत्या. इंजिन वर वर चढत गेलं. किल्ली आत आणि हा बाहेर! तो दांडीला झटके देत बसला. मग "बंद कर, बंद कर" असं ओरडत, कोणाला ते देवाला माहीत, दाराकडे पळाला. तोवर आतून धाडकन आवाज झाला. गाडीखाली काळं तेल पसरलं. झेंडूच्या पाकळ्या त्यात तरंगायला लागल्या.

"पिस्टनचा रॉड तुटला," भाऊ आवाजावरून म्हणाले. "इंजिनचा ब्लॉकही फुटला असेल."

माणसं जमली. तेवढ्या सगळ्यांसमोर माझा नवरा वळला आणि म्हणाला, "भाऊ! काय केलंत हे? तांदूळ आत टाकलेत!"

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्या. प्रभाकरकाका म्हणाले, "जाऊ दे रे, त्यांना बिचाऱ्यांना दिसत नाही." तर हा म्हणतो, "तेच ना काका. दिसत नाही, तरी सगळं स्वतःच करायचं असतं."

भाऊ म्हणाले, "चुकलं माझं."

मी तोंड उघडणार, तर भाऊंनी माझा हात घट्ट धरला. "हेमांगी, रिक्षा बघ. आक्का वाट बघतेय."

कोन गावापर्यंत रिक्षा ट्रॅफिकमध्ये रांगत होती. मला राहवेना. "भाऊ, तुमचा हात त्याने धरला होता."

"डोळे गेलेत गं माझे. मनगट शाबूत आहे."

"मग चुकलं माझं का म्हणालात?"

"एवढी माणसं होती. आंधळ्याला सगळे माफ करतात. त्याला कुणी केलं नसतं."

नसतंच करायचं, मी मनात म्हटलं.

आत्यांची खाट खिडकीला लावून ठेवली होती. भाऊंनी चाचपडत त्यांच्या हातात पानं ठेवली, पाया पडले. आत्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं कुरवाळलं आणि विचारलं, "गाडी आणलीस?"

भाऊ म्हणाले, "आणली. खाली उभी आहे."

"आवाज नाही आला रे मला. सकाळपासून कान लावून बसलेय." आत्यांनी उशीवर मान टेकली. "म्हणजे आता कानही गेले माझे."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली आमचा रिक्षावाला सीट झटकत होता. मी नुसतीच त्याच्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी घरी आलो. भाऊ आत जाऊन पडले. अनिमेष सोफ्यावर मोबाइलमध्ये. मी समोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. भाऊंना सगळं ठाऊक आहे, तुझा हात होता हेही, आणि तरी ते का गप्प बसले तेही सांगितलं. आत्या काय म्हणाल्या ते सांगितलं. त्याने मोबाइल खाली ठेवला. मला वाटलं, चला, कुठेतरी पोचलं शेवटी.

मग मान वर करून त्याने विचारलं, "पण ते कुणाला बोलणार नाहीत ना? मी ग्रुपवर भाऊंकडून चुकून झालं असं टाकलंय."

"नाही, ते नाही बोलणार," मी म्हटलं आणि परत चपला घातल्या. खाली कट्ट्यावर प्रभाकरकाका आणि सोसायटीची चार माणसं गप्पा मारत बसलेली. मी त्यांच्यापासून सुरुवात केली.