दीपगृहाचं पाकीट

दचकू नका, मी बोलतोय. भरतकामाचा संच. खरं तर दचकायची खोड माझीच; कपाटाचं दार करकरलं तरी माझ्या पोटातली सुई थरथरते.

समुद्रकाठी, एका शिवणवर्गाच्या मागच्या खोलीत मी जन्मलो. तिथल्या बाईंनी मॅटीच्या कापडाचा तुकडा कापला, रंगीत दोऱ्यांच्या लडी पुठ्ठ्यात ओवल्या, फुल्याफुल्यांचा नमुना घडी करून ठेवला. वर चित्र लावलं: निळं आभाळ, पांढरं दीपगृह, माथ्यावर पिवळाधमक दिवा. मग त्या दीपगृहाच्याच पायथ्याशी, एका दुकानात मी खुंटीला लटकलो.

तिथं मला प्रवासाला आलेल्या एका बाईंनी उचललं. त्यांची भाची त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही. जातील तिथून असं एक पाकीट आणायचं, हा त्यांचा शिरस्ता.

"आणखी एक? आधीची तरी उघड," मावशींचे यजमान, म्हणजे काका, कुरकुरले.

"निवृत्त झाले की बसणारच आहे. तुम्ही पिशवी धरा."

त्यांच्या घरी कपाटात पूल, पवनचक्की, घड्याळाचा मनोरा, सगळे माझ्यासारखेच कोरे. मावशी निवृत्त झाल्या आणि नेमके तेव्हाच डोळे अधू झाले. बघतील तिथं मधोमध धूसर डाग. डॉक्टर म्हणाले, बारीक काम विसरा.

"देऊन टाक गं ही कुणाला," त्या भाचीला म्हणाल्या. "तेवढं दीपगृह भरलेलं बघायचं होतं."

भाचीनं कधी सुई धरली नव्हती. तरी तिनं कात्री घेतली. माझा जीव गोळा झाला. कर्रर्र! उघडलो बाई एकदाचा.

ती रोज मावशींच्या खुर्चीशेजारी बसून भरायची. दार झालं, खिडक्या झाल्या, मनोरा चढत गेला. आणि दिव्याच्या आधीच कापड संपलं.

तिचा चेहरा रडवेला झाला. "मावशी, मी उसवते सगळं."

"थांब, बघू." मावशींची बोटं टाक्यांवरून वर वर सरकली आणि काठाशी अडली. "दिवा कुठंय?"

"बसला नाही गं. कापडाच्या मध्यापासून सुरू करायचं असतं, मी खालून केलं. वाट लावली तुझ्या दीपगृहाची."

मावशी हसायलाच लागल्या. "अगं, आम्ही गेलो तेव्हा हे धुकं! दुपारभर माना वर करून बसलो, दिवा दिसलाच नाही. इथपर्यंतच दिसलं होतं बघ, अगदी इथपर्यंत. म्हणून तर पाकीट घेतलं."

"माझी मान आठवडाभर आखडली होती," आतून काकांचा आवाज.

आता मी मावशींच्या खुर्चीशेजारी भिंतीवर आहे, हात पोचेल असा. काच लावू दिली नाही त्यांनी. पिवळी लड तशीच माझ्या पाठीशी खोचलेली आहे.

तुमच्याही कपाटात माझी भावंडं असतील. फोडा हो त्यांना. कात्रीची भीती वाटते आम्हाला, पण दाराआड नुसतं पडून राहण्याची त्याहून जास्त.

आत्ताच कपाट करकरलं. मी दचकलो, मावशी नाही.

"पूल काढलास ना? मधून सुरू कर हं," त्या म्हणाल्या. "तो मी पूर्ण पाहिलाय."