विहिरीचा नमुना

नवरा गेला त्याला वर्ष होत आलं होतं. वहिनीने आपल्या विहिरीवर लिंबाची दोनशे रोपं लावायची ठरवली, तसा धाकटा दीर पाणी तपासणाऱ्या साहेबालाच घेऊन आला.

"आधी खात्री करू. उद्या रोपं जळाली तर माझ्या नावाने खडे फोडाल."

साहेबाने विहिरीत फीत सोडली, मोटर लावून पाणी किती उतरतं ते पाहिलं आणि उन्हाला कंटाळून सावली धरली. "पाणी भरपूर आहे. अर्धा तास उपसा होऊ दे, मग बाटली भरतो."

"तुम्ही कशाला उठताय? मी आणतो की!" दीर म्हणाला.

आठ दिवसांनी कागद आला. पाण्यात क्षार फार, जमीन कडक होईल, बागेला अयोग्य.

"अहो भाऊजी, पंचवीस वर्षं पितेय मी हे पाणी."

"जिभेला कळलं असतं तर यंत्रं कशाला लागली असती? वाचा की, 'नमुना स्वतः घेतला', खाली साहेबाची सही."

वहिनी चाळिशीनंतर अक्षरं शिकलेली. तिने ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. छापलेलंही खोटं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग दिरानेच तोडगा काढला. विहिरीचं शेत त्याने घ्यायचं, त्याचा माळावरचा तुकडा तिने. "खारं पाणी मी सोसेन." वहिनीने सही केली, वर त्याचे उपकारही मानले.

चार महिन्यांत त्या शेतात दिराने लावलेली लिंबाची रोपं तरारली. वहिनी तडक साहेबाच्या कचेरीत गेली.

"खाऱ्या पाण्यावर लिंबू वाढतं होय?"

"खारं कुठलं? परवा दिराच्या बागेसाठी मी स्वतः बाटली भरली. एक नंबर पाणी."

"मग माझ्या वेळचं?"

"दिराने आणून दिलं ते तपासलं. कुठून भरलं, त्यालाच विचारा."

"कागदावर तर तुम्ही भरलं म्हणून आहे."

"ते सगळ्यांच्या कागदावर छापलेलंच असतं, बाई."

परतताना दीर बांधावर भेटला. तिने सगळं तोंडावर सांगितलं. तो हसला. "सही तुमचीच आहे ना? शिकलेल्या तुम्ही! प्यायला लागलं तर न्या हो पाणी. फक्त यापुढे विचारून."

माळावर पाण्याचा थेंब नव्हता. दोन दिवस वहिनीने कळ काढली. तिसऱ्या दिवशी हंडा घेऊन विहिरीपाशी उभी राहिली.

"भाऊजी, एक हंडा नेऊ का?"

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

मोटर बंद होती. वहिनीने पुन्हा विचारलं.