कवळीवरची रेघ

"बाहेर काढू का?" आजींनी विचारलं.

"काय?" व्हिसा कचेरीच्या खिडकीमागच्या बाईंनी आजींसोबत आलेल्या दातवाल्याच्या अर्जावरून मान वर केली.

"दात."

रकाना चौथा. व्यवसाय : सफाई कामगार.

हा शब्द सहा वर्षांपूर्वी दंतवैद्य मालकानं सुचवलेला. "सफाईचा व्हिसा पंधरवड्यात हातात पडतो. कारागिराचा वर्षभर लोंबकळतो. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे! काय?" दातवाला हसला होता. हसत हसतच सही केली होती.

मग दवाखान्याच्या मागच्या खोलीत सहा वर्षं त्यानं कवळ्या केल्या. झाडूला हात लावला असेल तो प्लॅस्टरची भुकटी लोटायला. आता मालकानं दवाखाना विकला, व्हिसाचे नऊ दिवस उरले.

पर्याय : शिक्षण. वय सत्तेचाळीस. राहू दे.

पर्याय : दुसरा मालक. सफाईला बाहेरची माणसं घेणं बंद. राहू दे.

पर्याय : कुशल कारागीर. पुरावा जोडा.

पर्याय : सकाळी बायको म्हणाली, "अहो, पोरीची परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. बिऱ्हाड आवरायला घेऊ की नको, तेवढं सांगा."

पुरावा होता. आपली कवळी दुरुस्तीला आली तर ओळखू यावी म्हणून शेवटच्या दाढेमागे तो तांदळाएवढी रेघ कोरायचा. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या कवळीवर ती होती. "चल, मीच येते," त्या म्हणाल्या होत्या.

आता कवळी रुमालावर. त्यानं रेघ दाखवली, कशी कोरतात ते सांगितलं. इतकं तो वर्षभरात बोलला नसेल.

बाईंनी नीट पाहिलं. मग आवाज उतरवला.

"काम सुरेख आहे हो. पण व्हिसा सफाईचा. ही तुम्ही केली असं लिहिलं, तर सहा वर्षं बेकायदा काम केलं असंही लिहावं लागेल. मग परत कधीच येता येणार नाही." पेन थांबलं. "लिहू?"

दातवाल्यानं रुमालाकडे पाहिलं.

"नको. मी केर काढायचो."

"खोतं बोलतोय मेला!" आजी बोळक्या तोंडानं ओरडल्या. रांगेतलं कुणीतरी हसलं.

बाहेर नळावर त्यानं कवळी धुतली. तोंडात घालताना आजींनी डोळे मिटले.

"टोचते?"

"उजवीकडे. महिना झाला."

"मग सांगायचं नाही?"

पायरीवर बसून त्यानं कवळी परत हातात घेतली, खिशातली कानस काढली. टोचणारी कड दोनदा घासली, बोटानं चाचपली, पुन्हा घासली. रेघेला कानस लागू दिली नाही.