बाबांच्या आवाजाचा बॅकअप

वाचा-उपचार केंद्रात तिला सगळे बॅकअपताई म्हणत. घशाच्या ऑपरेशनआधी पेशंट तिथे येऊन आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवत. पुढे आवाज गेला की त्यांनी टाइप केलेलं बोलकं यंत्र त्यांच्याच आवाजात बोले. ती रेकॉर्डिंगं सर्व्हरवर राहत आणि त्यांची प्रत रोज मागच्या खोलीतल्या स्टोरेजच्या पेटीत जाई. ती पेटी तिच्या ताब्यात.

मध्यंतरी बॅकअप फार लांबायला लागला. सकाळी पेशंट आले तरी तो चालूच. नेटवर्क अडे, रेकॉर्डिंग तुटे आणि थकल्याभागल्या माणसांना तीच वाक्यं पुन्हा म्हणावी लागत. तिला ते बघवेना. तिने सेटिंग उघडलं आणि बंद असलेलं कॉम्प्रेशन 'जास्तीत जास्त' करून टाकलं. डेटा आवळून पाठवला की लवकर जाईल, इतका साधा विचार. झालंही तसंच. थेरपिस्टबाईंनी त्या दिवशी तिला स्वतः चहा आणून दिला.

पेटीची खुबी मात्र तिच्या ध्यानातून निसटली. कालचंच आज पुन्हा आलं तर पेटी ते नव्याने साठवत नसे, नुसती खूण करून ठेवी. उरलेलं आवळायचं कामही स्वतःच करी. पण आधीच आवळून आलेला डेटा पेटीला ओळखू येईना. जरासा बदल झाला की आवळल्यावर त्याचा चेहरामोहराच बदले, आणि पेटी सगळं नवं समजून पोटात घेई. वर्षानुवर्षं पुरावी अशी जागा बघता बघता भरत चालली. एरवी हे तिच्या नजरेतून सुटलं नसतं. पण त्याच दिवसांत बाबांच्या तपासण्या सुरू झाल्या होत्या.

बाबा घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. उभा जन्म ओरडण्यात गेला, आणि गाठ आली तीही घशातच. रजेवर जायच्या आदल्या दिवशी तीच त्यांना रेकॉर्डिंगला घेऊन आली. नेमलेली वाक्यं वाचून झाल्यावर बाबांनी थेरपिस्टबाईंच्या टेबलावरच्या फुलदाणीचा लिलाव पुकारला. आवाज बसलेला, पण ठसका तोच. बाई हसून बेजार झाल्या. तेही रेकॉर्ड झालं.

त्याच रात्री पेटी तुडुंब भरली. बॅकअप थांबल्याच्या मेल तिच्या नावावर येत राहिल्या आणि ती फोन बंद करून ऑपरेशन झालेल्या बाबांच्या उशाशी बसून राहिली. तशात सर्व्हरची डिस्क गेली. कामावर परतल्यावर तिने बॅकअपमधून होतं तेवढं परत आणलं. शेवटच्या काही पेशंटांचे आवाज त्यात नव्हते. बाबांचाही नव्हता.

केंद्राचे साहेब इतकंच म्हणाले, "होतं असं कधी कधी." त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी बाबा लिहून बोलायची पाटी मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, तुमचं रेकॉर्डिंग गेलं," ती म्हणाली. "माझ्या सेटिंगमुळे पेटी भरली होती. तुमचं त्यात शिरलंच नाही."

त्यांनी लिहिलं, 'फुलदाणी?'

"तीपण."

त्यांचे खांदे हलले. हसले की रडले, तिला कळलं नाही. गळ्यातून आवाजच येत नव्हता. मग पाटी पुसून त्यांनी लिहिलं, 'बाकीच्यांना सांगितलंस?'

"अजून नाही. जीभच रेटत नाही."

'आधी सांग. वाट बघत असतील.'

दुसऱ्या दिवशी तिने एकेकाला फोन केला. एका पेशंटबाईंचा नवरा सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "मग आता हिने कोणाच्या आवाजात बोलायचं?" तिने कॉम्प्रेशन बंद केलं आणि बॅकअप केंद्र बंद होताच सुरू होईल असं लावलं. पेटी पुन्हा सुरळीत चालू लागली.

बाबांच्या यंत्राला कंपनीचा तयार आवाज बसवला. कुणा तरण्या माणसाचा, गुळगुळीत. बाबांनी एकदा त्यातून तिला हाक मारून पाहिली आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

तिने बाजारात विचारपूस केली. एका हमालाकडे जुना व्हिडिओ निघाला. बापलेक तो बघत बसले. पडद्यावर बाबांची पाठ होती, हात वर होता, आणि भोवती अख्ख्या बाजाराचा कल्ला. तिने आवाज वाढवला, कान लावला. त्या गलक्यातून बाबा काही वेगळे निघेनात. बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"हो, ऐकू येतंय," ती खोटंच म्हणाली.